सावल्यांची गोधडी

गोष्ट सुरू करण्याआधी एक काम करा. जिथे बसला आहात तिथेच जरा खाली बघा. आहे ना तुमची सावली? पायाला नीट चिकटलेली आहे ना? असेल तर पुढे ऐका. नसेल तरी घाबरू नका, पण मग मात्र गोष्ट अर्धी सोडून उठू नका.

बकुळटेकडीच्या पायथ्याशी पत्र्याच्या छपरांची एक छोटीशी वाडी होती. त्या वाडीत शेवंता नावाची मुलगी राहायची. तिच्या परकराला इतकी ठिगळं होती, की मूळ कापड कोणतं हे तिलाही सांगता आलं नसतं. आई पहाटेपासून लोकांसाठी भाकऱ्या थापायची आणि बाबा दिवसभर रिक्षा चालवायचे. पाणी भरणं, भांडी घासणं, चुलीसाठी काटक्या आणणं ही कामं शेवंताकडे होती. तरी ती गुणगुणत असायची, कारण तिला एक छोटुकला भाऊ होता.

त्याचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण सगळे त्याला राघू म्हणायचे. डोक्यावर केसांचा उभा तुरा आणि तोंडाला विश्रांती नाही. मुंगी कुठे चालली, ढगाला आई असते का, गाढव हसतं का, असे त्याचे प्रश्न दिवसभर चालायचे. जेवायच्या वेळी शेवंता दिव्यासमोर दोन्ही हात धरून भिंतीवर सावलीचा पोपट काढायची. पोपट चोच उघडायचा, ते बघून राघू तोंड उघडायचा आणि आई पटकन घास भरवायची. एक घास चिऊचा, एक घास काऊचा, एक घास माझ्या राघूचा.

मग घरात मोबाइल आला. भाकऱ्या नेणाऱ्या एका बाईंनी त्यांचा जुना, कोपऱ्यात तडा गेलेला मोबाइल आईला दिला. आईने तो राघूच्या हातात ठेवला आणि काय आश्चर्य, राघू गप्प बसला. आईला नावं ठेवू नका हं. दोन हात, एक तवा, भाकऱ्यांचा ढीग आणि मध्ये लुडबुडणारं पोर, तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं. पण राघू त्या दिवशी गप्प बसला तो बसलाच. मोबाइल समोर धरल्याशिवाय तो घास गिळेना. काय खातोय तेही बघेना. बाबा घरी आले की तेही भिंतीला टेकून आपला मोबाइल बघत बसायचे. घरात चार माणसं होती आणि आवाज फक्त मोबाइलचा होता.

एके दुपारी राघू उंबऱ्यावर बसला होता. ऊन कडक होतं. उंबऱ्याची सावली पडली होती, त्याच्या चिमुकल्या चपलांची पडली होती. राघूची मात्र पडली नव्हती. शेवंताने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. त्याच्या पायांपाशी नुसतं पिवळंधमक ऊन होतं.

"आई, राघूला सावली नाही," शेवंता म्हणाली.

"ढग आला असेल."

"पण माझी आहे ना."

"शेवंते, बाजूला हो बाई, भाकरी करपेल."

संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं. बाबा "हं" म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. शेवंता काटक्या आणायला निघून गेली.

वाडीच्या मागे एक जुनी बाग होती. एकेकाळी तिथे इतकी मुलं यायची, की झोपाळ्यासाठी भांडणं व्हायची. आता गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. घसरगुंडीवर गंज चढला होता, आणि मधोमध एक जुनाट आवळी उभी होती, हिरव्या टपोऱ्या आवळ्यांनी लगडलेली. मुलं तिकडे फिरकेनाशी झाली होती. वाडीतली नाही आणि पलीकडच्या उंच इमारतींतलीही नाही.

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. तरी झोपाळा हलत होता.

कर्र, कर्र. झोपाळ्यावर कुणी नव्हतं. पण खाली, जमिनीवर, झोपाळ्याची जी सावली पडली होती तिच्यावर एक मुलगी बसली होती. दोन वेण्यांची सावली मागे-पुढे होत होती आणि छोटुकल्या पायांची सावली झोका घेत होती. शेवंताच्या हातातल्या काटक्या खाली पडल्या. तिने नीट पाहिलं तर सगळी बाग सावल्यांनी भरली होती. कुणी लंगडी घालत होतं, कुणी लपाछपी खेळत होतं, कुणी हात पसरून गोल गोल फिरत होतं. मुलं कुठेच नव्हती आणि त्यांचा आवाज तर मुळीच नव्हता. प्रत्येक सावलीच्या टाचेला एक रुपेरी दोरा होता. सगळे दोरे गवतातून चमचमत आवळीच्या बुंध्याकडे गेले होते.

पळून जावं असं शेवंताला वाटलं, आणि ती पळालीही असती. पण बोरीच्या झुडपात एक इवलीशी सावली काट्यांत अडकली होती. तिच्या डोक्यावर केसांचा उभा तुरा होता.

शेवंताने तो तुरा लगेच ओळखला. हाताला काटे टोचत होते तरी तिने ती सावली हळूहळू सोडवली. सावली गार होती आणि तिला वजन नव्हतं. शेवंताने ओटीतला भाकरीचा तुकडा पुढे धरला. भाकरी तशीच राहिली, पण जमिनीवर पडलेली भाकरीची सावली कडेने कुरतडली जाऊ लागली. थोड्या वेळाने शेवंताच्या हातात भाकरी होती आणि भाकरीला सावली नव्हती.

"किती भूक लागली होती रे तुला," शेवंता म्हणाली आणि तिला रडू आलं.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी बागेत जाऊ लागली. आपल्या वाटणीची भाकरी ती सावल्यांना द्यायची आणि मग त्यांच्याबरोबर खेळायची. खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं. वाडीत तिच्याशी खेळायला होतंच कोण? पण दिवेलागण झाली, की ते रुपेरी दोरे ताणले जायचे आणि सगळ्या सावल्या जमिनीवरून ओढल्या जात आवळीच्या बुंध्यात नाहीशा व्हायच्या. राघूची सावली जाताना दोन्ही हात पुढे करायची. शेवंता ते हात धरायला बघायची, पण मुठीत फक्त गवत यायचं.

एकदा दोरे ताणले गेले तेव्हा ती त्यांच्या मागेच धावली. बुंध्यापाशी पोचली आणि थबकली.

आवळीच्या ढोलीत एक परी बसली होती. मक्याच्या कणसाएवढी असेल. तिच्या पंखांत मोरपंखी, गुलाबी आणि लिंबाच्या सालीसारखा पिवळा असे रंग लुकलुकत होते. पायांत दवाचे घुंगरू होते. चेहरा गोड होता, पण डोळ्यांत पांढरं काही नव्हतं, नुसता काळोख होता. तिच्या हातात चांदीची सुई होती आणि मांडीवर एक गोधडी. गोधडीचं प्रत्येक ठिगळ म्हणजे एका मुलाची सावली होती. ठिगळं हळूच श्वास घेत होती.

"ये शेवंता," परी म्हणाली. तिचा आवाज मऊ होता आणि खूप लांबून आल्यासारखा वाटत होता. "माझ्या लेकरांना भाकरी देतेस, मला माहीत आहे."

"ती तुमची लेकरं नाहीत. हा माझा भाऊ आहे," शेवंता म्हणाली.

"मी कुणाचं काही चोरत नाही गं. टाकलेलं तेवढं गोळा करते. सावलीला ऊन लागतं, माती लागते, कुणीतरी हाक मारावी लागते. मुलं थंड उजेडासमोर बसून राहतात, तेव्हा सावल्या वाट बघून बघून उठतात आणि इकडे येतात. बाहेर थंडीत कशा ठेवू? म्हणून शिवून घेते. आता थोडीच गोधडी शिवायची उरली आहे. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र टेकडीच्या वर आला, की पक्के टाके घालणार आणि ही घेऊन मी निघून जाणार."

"मग राघूचं काय होईल?"

"काही नाही. तो मोठा होईल, जेवेल, झोपेल. फक्त कुणी हाक मारली तर ओ देणार नाही."

शेवंताने गोधडीवरचं ते तुऱ्याचं ठिगळ पाहिलं. त्याच्या बाजूला अजून एक जागा रिकामी होती.

"तू काट्यांत हात घातलास, म्हणून तुला एक इच्छा देते," परी म्हणाली. "नीट विचार कर. आरशांचा घागरा माग, बारा महिने फुलणारं अंगण माग. या सगळ्या सावल्या कायमच्या मैत्रिणी हव्या असतील तर तेही माग. मग तू कधीच एकटी पडणार नाहीस."

शेवटचं ऐकून शेवंताने गोधडीवरून नजर फिरवली. आपण भल्या मुलीची गोष्ट सांगतो आहोत म्हणून खोटं कशाला बोला, तिला मोह झाला. पण मग तिला पुढे केलेले ते दोन छोटे हात आठवले.

"माझ्या राघूची सावली परत द्या."

"सावली देता येत नाही, तिला बोलवावं लागतं. मी फक्त तिचे टाके उसवून ठेवीन. बाकीचे नियम ऐक. पौर्णिमेला सूर्य मावळेल आणि चंद्र उगवेल, तेव्हा तुझ्या घरातली सगळी माणसं या आवळीखाली जेवायला बसली पाहिजेत. कुणाच्या हातात थंड उजेड नको. हाक तू मारायची नाहीस. ज्यांच्या हातून सावली सुटली, त्यांनीच मारायची. आणि यातलं एक अक्षरही त्यांना सांगायचं नाही. सांगून आणलेलं माणूस नुसतं अंगाने येतं."

"आणखी काही?"

"हो. राघूचं ठिगळ उसवलं तर तिथे भोक पडेल आणि गारवा आत येईल. म्हणून तिथे दुसरं ठिगळ लागेल." परीने काळेभोर डोळे शेवंताच्या पायांकडे वळवले. "आणि मिळालेली इच्छा स्वतःची वस्तू परत मागायला चालत नाही, हेही सांगून ठेवते."

शेवंताने खाली आपल्या सावलीकडे पाहिलं. ठिगळाठिगळांच्या परकराची ती सावली तिच्या पायांशी शहाण्यासारखी उभी होती.

"घ्या," ती म्हणाली.

सुई एकदा चमकली. शेवंताच्या टाचांना गार पाण्याचा स्पर्श व्हावा तसं झालं, आणि ती घरी निघाली तेव्हा तिच्यामागे कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सगळं विचित्र झालं. ती दिसतच नसल्यासारख्या बायका नळावर तिला धक्का देऊन पुढे जायच्या. तिने हाक मारली तर लोक भलतीकडेच बघायचे. आई दोनदा तिचं ताट वाढायचंच विसरली. आधीच तिचं कुणी ऐकत नव्हतं, त्यात आता आवाजही विरळ झाला होता. अशा मुलीने सगळ्या घराला बागेत न्यायचं तरी कसं?

पौर्णिमेच्या सकाळी तिने आवळीखालची जागा झाडून स्वच्छ केली आणि एक टपोरा आवळा घेऊन घरी आली. आईचे हात पिठाने भरले होते. शेवंताने आवळ्याची फोड काही न बोलता आईच्या तोंडात घातली. आईने तोंड वाकडं केलं. मग शेवंताने तांब्या पुढे केला. आई घटाघट पाणी प्यायली आणि थांबली. आवळ्यावरचं पाणी गोड लागतं, ते तुम्हाला माहीत असेलच.

"आमच्या गावी कार्तिकात आवळीभोजन असायचं," आई तव्याकडे बघत म्हणाली. "सगळी आळी झाडाखाली जेवायला बसायची. माझी आई मला मांडीवर घ्यायची." भाकरी करपत होती, पण आईने तिकडे पाहिलं नाही. "आज जायचं का गं? इथे मागेच तर आवळी आहे."

शेवंताने मान डोलावली. बोलायची तिला भीती वाटत होती.

बाबा कुरकुरले. "डास चावतील," म्हणाले. पण वांग्याच्या भरताचा वास बागेकडे चालला होता, त्यामागून तेही चालले. आवळीखाली सतरंजी अंथरली. आईने पत्रावळी मांडल्या. सूर्य पलीकडच्या इमारतींआड टेकला. गवतात रुपेरी दोरे चमकू लागले आणि सगळ्या सावल्या खेळ थांबवून इकडे बघू लागल्या. ते फक्त शेवंताला दिसत होतं.

आणि तेव्हाच राघू रडायला लागला. "मोबाइल."

"दोन घास जाऊ देत, मग बंद करते," म्हणत आईने कमरेला खोचलेला मोबाइल काढून त्याच्या मांडीवर ठेवला. बाबांनीही पानाचा फोटो काढायला आपला मोबाइल काढला. आवळीखाली निळा, थंड उजेड पसरला.

तुऱ्याची सावली ढोलीतून बाहेर आली होती. ती गवतातून रांगत सतरंजीच्या कडेपर्यंत आली, उजेड बघून थांबली आणि मागे सरकू लागली. पूर्वेला टेकडीवर चंद्राची तांबूस कड दिसत होती. सांगता येत नव्हतं आणि हाक मारता येत नव्हती. शेवंताला एकच गोष्ट येत होती. तिने त्या निळ्या उजेडासमोर दोन्ही हात धरले, अंगठे जुळवले आणि आवळीच्या बुंध्यावर पोपट काढला.

बुंध्यावर काहीच उमटलं नाही. तिला सावली होती कुठे?

हे ती विसरूनच गेली होती. तरी तिने हात खाली घेतले नाहीत. नसलेल्या पोपटाची चोच ती उघडत राहिली, मिटत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मध्येच हात येतात म्हणून राघू वैतागला. त्याने वर पाहिलं. आधी हातांकडे, मग बुंध्याकडे. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ताई," तो म्हणाला, "तुझा पोपट कुठे गेला?"

आईच्या हातातला घास तसाच राहिला. राघूच्या तोंडून प्रश्न ऐकून तिला किती काळ लोटला होता, ते तिचं तिलाच आठवेना. तिने शेवंताच्या हातांकडे पाहिलं, कोऱ्या बुंध्याकडे पाहिलं. तिने राघूच्या मांडीवरचा मोबाइल उचलून बंद केला आणि गवतात पालथा ठेवला. मग बाबांकडे बघितलं. बाबांनी मुकाट्याने आपलाही त्याच्या शेजारी ठेवला.

अंधार झाला नाही. चंद्र अर्धा वर आला होता आणि आवळीच्या बारीक पानांतून चांदणं चाळून पडत होतं. आईने राघूला मांडीवर ओढलं.

"हा घास चिऊचा," ती म्हणाली. "हा घास काऊचा. आणि हा माझ्या राघूचा. ये रे राघू, ये माझ्या बाळा."

राघू तर मांडीवरच होता. मग आई बोलवत कुणाला होती? तिलाही ते सांगता आलं नसतं. पण सतरंजीच्या कडेची ती इवलीशी सावली उठली, तुरा उडवत धावत आली आणि राघूच्या टाचांना बिलगली. टच्च. राघूने घास गिळला आणि विचारलं, "आई, चंद्र जेवतो का? कुणाबरोबर जेवतो? त्याचं पान कुठंय?" प्रश्न थांबेनात. आई हसत होती आणि रडत होती.

शेवंताही हसली. मग ती हळूच उठून बाजूला झाली. इच्छा पूर्ण झाली होती. चंद्राची खालची कड तेवढी टेकडीला टेकली होती. ढोलीत परीने सुईत पक्का दोरा ओवला आणि शेवंताचे हात चांदण्यात विरघळल्यासारखे फिके होऊ लागले.

बाबांनी भाकरी मोडली आणि थांबले. समोर एक पान वाढलेलं होतं आणि त्यावर कुणी नव्हतं. त्यांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्यांनी खरोखर मान वर केली होती.

"आणि माझी शेवंता कुठंय?" बाबा म्हणाले. "शेवंते, तिकडे एकटी काय उभी राहिलीस? ये, माझ्याजवळ बस. तुझ्याशिवाय घास उतरायचा नाही मला."

ढोलीत दोरा तुटल्याचा आवाज आला. गवतातून ठिगळांच्या परकराची सावली धावत आली आणि शेवंताच्या पायांना अशी आदळली, की ती पडता पडता वाचली. बाबांनी तिला जवळ घेतलं. "किती गार पडलीस गं," ते म्हणाले आणि आपला गमछा तिच्या खांद्यांवर टाकला.

राघूची बडबड वाडीपर्यंत पोचली. इतका आवाज कसला म्हणून बायका दारात आल्या. इमारतींच्या गॅलऱ्यांत लोक आले. चांदण्याने उजळलेली बाग त्यांनी पाहिली, आवळीखालची पंगत पाहिली. मग पूर्वी जी रोज ऐकू यायची, ती हाक कुणीतरी मारली. "बाळू, चल रे, बाहेर चल." दुसरीकडून आवाज आला, "मंदे, ये गं, आपणही जेवण घेऊन जाऊ." हाकेमागून हाक उठली, आणि प्रत्येक हाकेसरशी गोधडीचं एक ठिगळ उसवत गेलं.

शेवंताने ढोलीत पाहिलं. परी हसत होती. तिच्या काळोख्या डोळ्यांत आता चांदणं भरलं होतं.

"एवढी वर्षं मी कच्चेच टाके का घातले, कळलं का तुला?" ती म्हणाली. "कुणीतरी हाक मारेल याचीच वाट बघत होते. पक्का शिवायला माझाही हात धजत नव्हता." तिने चांदीची सुई शेवंताच्या तळहातावर ठेवली. मग तिचे मोरपंखी पंख थरथरले, आवळीचं पान न् पान आतून उजळलं, आणि तो उजेड वर उडून चांदण्यात मिसळून गेला. ढोली रिकामी झाली.

त्या सुईने आईने शेवंताच्या परकराची सगळी ठिगळं नव्याने शिवली. शिवताना एकेक ठिगळ मोरपंखी, गुलाबी, पिवळं होत गेलं आणि तसा परकर सबंध वाडीत कुणाकडे नव्हता. मोबाइल अजून घरात आहे. तो फळीवर असतो आणि वाजला की कामापुरता खाली येतो. संध्याकाळी सगळी वाडी बागेत असते, आणि झोपाळ्यासाठी पुन्हा भांडणं होतात.

शेवंताला आता खेळायला खूप जण आहेत. तरी रोज निघताना ती आवळीखाली भाकरीचा एक तुकडा ठेवते. कारण दिवेलागणीला सगळे घरी गेले, की वारा नसतानाही झोपाळा जरासा हलतो. खाली एक सावली बसलेली असते. तिला अजून कुणी हाक मारलेली नाही.

ती कुणाची आहे, हे शेवंताला माहीत नाही. मलाही माहीत नाही. आता पुन्हा एकदा खाली बघा, आणि मग आईबाबांना हाताला धरून बाहेर घेऊन जा.